पाठमोऱ्या

१

भिवराबाईची सकाळ सोसायटीच्या ऑफिसातल्या झाडूनं सुरू व्हायची आणि दिवस पाझर तलावाच्या खड्ड्यात संपायचा. मधल्या वेळात ती जेवायची, भांडायची आणि वाचायची. वाचायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. खताच्या पोत्यावरची, बिडीच्या कट्ट्यावरची, पुडीच्या कागदावरची अक्षरं जुळवत जुळवत पंचेचाळिसाव्या वर्षी ती सबंध पेपर वाचायला लागली, आणि तेव्हापासून गावातल्या एकाही पुढाऱ्याला तिच्यासमोर सुखानं खोटं बोलता आलं नव्हतं. आता साठी उलटली होती. तलावाच्या कामावर चाळीस बायांची टोळी तिच्या शब्दावर उठायची-बसायची.

साल त्र्याहत्तर. नांदूरघाटच्या अलीकडचं मुरमाड माळावरचं गाव, आणि दोन वर्षं आभाळातून थेंब नाही. अशात बोअरसाहेब आला.

गोरापान, पन्नाशीचा माणूस, कुठल्याशा परदेशी मदतीच्या मशिनीबरोबर आलेला. तीन भोकं कोरडी गेली. चौथ्यातून पाणी उसळलं तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी त्याच्या बुटांवर डोकी ठेवली. महिनाभर तो सोसायटीच्या मागच्या खोलीत राहिला. यंदा खताची पोती नव्हती, म्हणून खोली मोकळीच होती. माणूस साधा. दुष्काळी कामावरची सुकडी खायचा, लेकरांना गोळ्या वाटायचा, "अच्छा पानी, अच्छा पानी" म्हणत हसायचा. गळ्यात कायम कॅमेरा. एकच तऱ्हा होती त्याची. तलावावरच्या बायांचा फोटो काढायचा तर हातानं खूण करायचा, फिरा, तिकडं, खड्ड्याकडं तोंड करा.

"साहेबाला आपली तोंडं बघवंनात जनू," शिवकन्या म्हणायची. ही भिवराबाईची सून, सातवा महिना लागलेली, तरी पाटी उचलायची. "पाठीच लई आवडत्यात त्याला."

"गप उभी ऱ्हा. पाठीला कुठं दात इचकायचे असत्यात," भिवराबाई म्हणाली होती, आणि सगळ्या टोळीबरोबर तीही खो खो हसली होती. ते हसू पुढं तिच्या घशात भाकरीतल्या केसासारखं अडकून राहिलं.

२

संक्रांत झाली आणि साहेब पुढच्या गावाला गेला. होळीच्या सुमाराला पंपाच्या उद्घाटनाला येतो म्हणाला. त्याची गादी उन्हात टाकायला म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी बिभीषण मागच्या खोलीत गेला, आणि गादीखाली त्याला मेणकागदात गुंडाळलेला तळहाताएवढा फोटो सापडला.

चेअरमन सुंदररावांनी तो नाकाजवळ धरून पाहिला. वाळूत खणलेला एक लांबलचक चर. चराच्या काठावर बायांची रांग, सगळ्या पाठमोऱ्या. बाजूला दोन-तीन टोपीवाले, बंदुका खांद्याला, निवांत उभे.

"अरे, हे तर साहेबाच्या मुलखातलं दुष्काळी काम!" सुंदरराव म्हणाले. "बघा म्हनावं लोकांना. त्यांच्या बायांनी बी आपल्यावानी नाला खोदला, म्हनून आज दारात मोटारी हायत. आन् आपल्या? हजेरीच्या मस्टरवर अंगठा मारला की बाभळीखाली!"

सुंदररावांना भाषणाचा विषय मिळाला की त्यांना थांबवणं देवाच्या बापाला जमत नसे. फोटो तालुक्याला, केजला जाऊन खिडकीएवढा मोठा होऊन आला. लाकडी चौकट, काच, वर झेंडूचा हार. ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर, टेबलाच्या बरोबर समोर लागला. येणारा-जाणारा हात जोडू लागला. कुणीतरी काचेवर कुंकवाचं बोटही ओढलं.

दुसऱ्या दिवशी झाडताना भिवराबाईनं फोटो नीट पाहिला. तिला तो आवडला नाही. का आवडला नाही, हे कळायला तिला पाटीभर माती टाकायला लागतो तेवढाच वेळ लागला.

बायांच्या हातात काहीच नव्हतं. टिकाव नाही, फावडं नाही, पाटी नाही. आजूबाजूलाही कुठं ठेवलेलं नाही.

आणि चराच्या पोटात खांब नव्हता. खोदकाम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. खणताना मधे मातीचा एक खांब तसाच राखायचा. ओव्हरसियर येतो, त्या खांबाला टेप लावतो, किती खोल गेलात ते मोजतो, आणि मगच खांब कापायचा. मोजणीआधी खांब कापला, तर केलेलं काम केलंच नाही असं होतं.

हा खड्डा कुणी मोजणारच नव्हतं.

"आपल्या मुलखाची रीत येगळी, त्यांची येगळी," तिनं हे सांगितलं तेव्हा सुंदरराव म्हणाले.

"बाया परकर-पोलक्यावर कावून हायत?"

"उकडत असंल."

भिवराबाईनं परत पाहिलं. घामेजलेली बाई पदर सोडते, हात मोकळे टाकते. या बायांनी कोपर पोटाशी घट्ट आवळले होते, खांदे कानापर्यंत चढले होते. त्यांना थंडी वाजत होती. आणि उजव्या कोपऱ्यात कपड्यांचा ढीग होता, कोट, रुमाल, बूट. एका कोटावर चांदणीच्या आकाराचं ठिगळ शिवलेलं.

एवढ्या थंडीत कपडे काढून, रिकाम्या हातानं, खड्ड्याकडं तोंड करून कुठली बाई कामाला उभी राहते?

३

चौथ्या की पाचव्या सकाळी फोटोखाली वाळू होती.

चिमूटभरच. पांढरी, बारीक, पिठीसारखी. भिवराबाईनं झाडून टाकली. भिंतीचा चुना पडत असेल. दुसऱ्या दिवशी ती परत होती, थोडी जास्त. वाळवी लागली असेल. तिनं फोटो उतरवला, पाठीमागची पुठ्ठ्याची बाजू ठोकून पाहिली, भिंत नखानं खरवडली. भिंत टणक होती. फोटोच्या मागं काही नव्हतं. पण फोटो हातात होता तोवर तिची बोटं गारठून गेली, पौष सरल्यावर, दुपार तापायला लागलेली असताना.

रांगोळी असेल म्हणावं, तर त्या गावात पाणी भरण्यातून वेळ उरत नव्हता, रांगोळी कोण काढणार? माळावर सगळा तांबडा मुरूम, ओढ्याला काळी माती. पांढरी वाळू तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तिनं बोट टेकवून जिभेला लावलं.

खारट.

ती थुंकली. परत थुंकली. दिवसभर ती चव दाढेखाली कचकचत राहिली.

त्या रात्री कुलूप लावताना तिनं फोटोखाली जुना पेपर अंथरला. किल्ली एकच, तिच्या कमरेला. सकाळी दार उघडलं, तर पेपरावर वाळूची रेघ होती. ढीग नाही, रेघ, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एखाद्या काठावर बरीच माणसं पाय घट्ट रोवून उभी असली की पायाखालची माती जशी थोडी थोडी खाली सुटते, तशी.

ती वाकून बघत होती, तेव्हा कानाशी आवाज झाला. सर्र. पीठ चाळल्यासारखा. थांबला. मग परत, सर्र.

भिवराबाई भुताखेताला भिणारी नव्हती. भूत आहे म्हणणाऱ्यांना ती "मग मस्टरवर घाला त्याला" म्हणायची. तिनं पेपर गोळा केला आणि मनाशी बजावलं, भिवरे, उंदीर हाय. उंदीर.

उंदीर खारट वाळू कुठून आणतो, एवढं फक्त तिनं स्वतःला विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, ती या वाळूपेक्षाही घाण होती. फोटो बघायला येणारा प्रत्येक माणूस एकाच शहाबादी फरशीवर थांबायचा. तिथून रांग सरळ दिसायची. आणि तिथं थांबला, की कुणी न सांगता तो पाय फाकवायचा, भार उजव्या पायावर टाकायचा, मान किंचित कलती करायचा आणि एक डोळा बारीक करायचा. सरपंच असाच, तलाठी असाच, दुकानदार असाच. एका सकाळी तिला जाणवलं, आपणही त्याच फरशीवर आहोत, झाडू काखेत आहे आणि आपला डावा डोळा मिटलेला आहे.

ती अशी मागं झाली, जणू कुणाच्या तरी गरम, ओलसर बुटांत तिचे अनवाणी पाय गेले होते.

४

"मूळ फोटो कुठंय?" तिनं बिभीषणला गाठलं.

"कपाटात. कावून?"

"मागं काय लिव्हलंय का बघ."

बिभीषण मॅट्रिक झालेला, भित्रा, पण डोकं जाग्यावर असलेला गडी होता. मागं पेन्सिलीनं परकी अक्षरं होती. ती दोघांनाही येत नव्हती. आकडे येत होते. पंधरा, बारा, एक्केचाळीस.

"डिसेंबर एक्केचाळीस," बिभीषण म्हणाला. "म्हंजे लढाई चालू होती, मावशी. मोठी लढाई." तो भिंतीवरच्या फोटोकडं वळला. कपड्यांच्या ढिगातल्या त्या ठिगळावर त्याचं बोट गेलं आणि तिथंच राहिलं. "आमाला शाळंत होतं हे. जर्मनीवाल्यांनी ज्यू लोकांना अशा चांदण्या लावायला लावल्या होत्या. आन् मग... गावंच्या गावं... खड्ड्यापाशी नेऊन..."

"बोल की."

"गोळ्या घालायचे, मावशी. बायाबी. लेकरंबी. वरून माती लोटायची."

खोलीत झेंडूचा वास कोंदला होता. हार सडायला आला होता, पाकळ्यांतून पिवळं पाणी काचेवर ओघळलं होतं, कुंकवात मिसळलं होतं. भिवराबाई दारात गेली आणि भडभडून ओकली. पोटात सकाळचं पाणीच होतं. साहेबाच्या बोअरचं पाणी. ते पाणी गोड होतं, गार होतं, तिच्या सुनेच्या पोटातलं लेकरू त्या पाण्यावर वाढत होतं, आणि उद्याही तेच प्यायचं होतं. खरी किळस आली ती याची. विष असतं तर सांडता आलं असतं.

मग ती सुंदररावांच्या वाटेला गेली.

"येडी हायस का?" सुंदरराव खालच्या आवाजात म्हणाले. "देवमाणूस हाय तो. पानी दिलं त्यानं. आनखी दोन बोअर द्यायचं कबूल केलंय. त्यो काय फोटोत हाय का? दाखीव मला, कोन हाय त्यो?"

"न्हाई फोटोत."

"मग?"

"चेअरमन, फोटो काढनारा फोटोत नसतोय."

सुंदररावांनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "कुनी दिला असंल त्याला. सापडला असंल. आपल्याला काय करायचंय? परमुलखातलं, तीस वर्सामागचं. पुढल्या सोमवारी साहेब येतोय. फोटो भिंतीवर ऱ्हाईल आन् तुझं तोंड बंद ऱ्हाईल. न्हाई तर टोळीची मुकादमीन दुसरी बगतो."

'आपल्याला काय करायचंय' हे शब्द भिवराबाईला नवे नव्हते. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या साली गावाच्या वेशीबाहेर, ओढ्याच्या अंगाला, काही माणसांना रांगेत नेलं होतं. ती तेव्हा पस्तिशीची. दाराच्या फटीतून तिनं पाठी पाहिल्या होत्या, फक्त पाठी. नंतर आवाज. सासू म्हणाली होती, आपल्याला काय करायचंय. आणि भिवराबाई, जिच्या जिभेला गाव भीत होतं, ती पंचवीस वर्षं त्यावर एक अक्षर बोलली नव्हती. त्या ओढ्यात कुठला खांब राखलेला नव्हता.

५

सोमवारी साहेब आला. शाल, नारळ, फेटा. गावातल्या सुवासिनींनी मंदिरापाशी त्याला ओवाळलं, आणि मग सुंदरराव त्याला हाताला धरून ऑफिसात घेऊन आले.

"साहेब, आपका फोटो! हमने बडा किया!"

भिवराबाई मागच्या खोलीच्या दारात उभी होती. तिला एकच बघायचं होतं. दुसऱ्या कुणाचा फोटो असेल, तर माणूस दचकेल, रडेल, विचारेल, उतरवायला लावेल. काहीतरी करेल.

साहेबानं फोटो पाहिला. त्याच्या तोंडावरचं हसू तिथंच राहिलं, कुणी उचलायचं विसरलेल्या ताटासारखं. कुणी त्याला जागा दाखवली नाही. तो दोन पावलं मागं सरकला, एक डावीकडं, आणि त्या शहाबादी फरशीवर आला. पाय फाकले. भार उजव्या पायावर गेला. मान कलती झाली.

डावा डोळा मिटला.

आणि त्याचं उजवं बोट, कॅमेऱ्याला हात लागलेलाही नसताना, हवेत हळूच खाली दाबलं गेलं.

सर्र, असं भिंतीखाली वाजलं. साहेबानं खाली पाहिलं. त्याच्या पॉलिश केलेल्या बुटांच्या टोकांशी पांढरी रेघ होती. मग त्यानं बूट उचलून दुसऱ्या पोटरीला पुसला, चिखलात पाय पडलेला माणूस पुसतो तसा, आणि सुंदररावांना म्हणाला, "तालाब. चलो. औरत लोग का फोटो."

६

तलावाच्या काठावर चाळीस बाया रांगेत उभ्या होत्या. सुंदररावांनी सकाळीच बजावलं होतं, भिंतीवरच्या फोटोसारखं उभं राहायचं, सरळ, एका ओळीत, साहेबाला बरं वाटंल. हातातल्या पाट्या बाजूला ठेवायला लावल्या होत्या. चपला काढायला लावल्या होत्या. चपलांचा ढीग रांगेच्या उजव्या अंगाला पडला होता. हे साहेबानं सांगितलं नव्हतं. त्या गाढव चेअरमननं फोटोत बघून केलं होतं.

शिवकन्या शेवटी होती. मोठं पोट, दोन्ही हात पोटावर.

साहेबानं हाताची खूण केली. फिरा.

चाळीस पाठी झाल्या. उन्हात सगळं पांढरं झालं होतं. भिवराबाई रांगेच्या मधे होती, तिच्या पायाच्या बोटांपुढं खड्डा होता आणि खड्ड्याच्या पोटात, आज सकाळीच राखलेला, मातीचा खांब. मागं कॅमेऱ्याचं झाकण उघडल्याचा टक् आवाज आला. मानेवर थंडी उतरली. फाल्गुनाचं ऊन आणि मानेवर दहिवर. तिच्या डाव्या-उजव्या बायांचे खांदे हळूहळू कानाकडं चढायला लागले होते. कोपर पोटाशी जात होते. कुणी हसत नव्हतं. कुणाला कळत नव्हतं का.

पायाखालची माती थोडी सुटली. सर्र.

"तोंडं करा गं!" भिवराबाई ओरडली. तिचा आवाज माळावरून परत आला. "फिरा म्हनते! त्याच्याकडं तोंड करा! बघा त्याच्याकडं, डोळं उघडून बघा!"

टोळी तिच्या शब्दावर उठणारी. एका दमात सगळ्या फिरल्या.

साहेबानं डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली आणला. त्याचं लक्ष भिवराबाईकडं नव्हतं. सुंदरराव "अगं ये, अगं ये म्हातारे" करत धावत येत होते, त्यांच्याकडंही नव्हतं. तो रांगेच्या टोकाकडं बघत होता. शिवकन्येकडं. नाही. शिवकन्येच्याही पलीकडं, जिथं रांग संपत होती.

तिथं टोळीतलं कुणी नव्हतं. भिवराबाईनं मान वळवली, पण ऊन डोळ्यात होतं, आणि मधे एवढ्या बायांची डोकी. तिला पूर्ण दिसलं नाही. पूर्ण दिसलं असं ती कधीही म्हणाली नाही. शिवकन्येच्या लुगड्याच्या पलीकडं तिला एक पाय दिसला. अनवाणी, थंडीनं निळा पडलेला, घोट्यापर्यंत पांढऱ्या वाळूत. आणि तो पाय, सगळ्यांच्या मागाहून, सावकाश, टाच रोवून फिरत होता.

साहेब एक शब्द बोलला. त्याच्या भाषेतला. मग कॅमेरा तसाच मुरमावर टाकून तो जीपकडं चालायला लागला, आधी हळू, मग भराभर, आणि शेवटी त्याची टोपी उडाली तरी उचलायला थांबला नाही.

"आत्याबाई," शिवकन्या पुटपुटली. तिचे दात वाजत होते. "माज्या शेजारी कोन उभं होतं? माजा हात धरला होता कुनीतरी."

७

कबूल केलेले दोन बोअर आले नाहीत. साहेबही आला नाही. पंपाचं पाणी त्या दिवसापासून किंचित खारट लागतं. पाणी उतरलं की बोअर खारटतो, असं बिभीषण म्हणतो. असेल. गाव तेच पाणी पितं, दुसरं आहे कुठं?

त्याच संध्याकाळी सुंदरराव ऑफिसात आले, तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा होता. ते फोटोकडं न बघता बोलले.

"भिवरामावशी, जाळ ते. आत्ताच्या आत्ता. मूळचा बी जाळ. बोभाटा नको. काय झालंच न्हाई असं समज."

भिवराबाई स्टुलावर चढली. सडका हार तिनं दोन बोटांत धरून ओढला आणि खिडकीबाहेर फेकला. काच पदरानं पुसली, कुंकू, पिवळं पाणी, सगळं. मग चौकट खाली उतरवून छातीशी धरली.

"जाळीत न्हाई."

"अगं पन कावून?"

"चेअरमन, तुमी जलमात पाटी उचलली न्हाई, म्हनून सांगते. मोजनी झाल्याबिगर खांब कापत नसत्यात."

सुंदररावांना कळलं की नाही कोण जाणे. पण आले तसे, फोटोकडं न बघता, ते निघून गेले.

फोटो आता भिवराबाईच्या घरात आहे, चुलीच्या समोरच्या भिंतीला. त्याच्या शेजारी तिनं एका चौकटीत कोरा कागद लावलाय, ओढ्याकाठच्या त्या माणसांसाठी, ज्यांचा फोटो कुणी काढला नाही. कोऱ्या कागदाखाली तिनं जेवढी आठवली तेवढी नावं स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलीत. ती विचारील त्याला वाचून दाखवते, मोठ्यानं, गावाला ऐकू जाईल अशी.

सकाळी भिंतीखाली वाळू असते. ती झाडत नाही. शिवकन्येची पोरगी आता रांगते, तेवढं तिला त्या बाजूला जाऊ देत नाही.

फोटोतल्या रांगेतली शेवटची बाई अजून पाठमोरीच आहे का, असं लोक विचारतात. भिवराबाई सांगत नाही. या आणि बघा, म्हणते. फक्त दारातून आत आलात की ती तुमचा दंड धरते, घट्ट, आणि तुम्हाला एका बाजूला ओढून उभं करते.

"तिथं नगं," म्हणते. "त्या जागी नगं उभं राहू. हिकडून बघ."